नदीतलं घर

इम्रे वादाशच्या हातून एकवीस वर्षांत एकच चूक छापली गेली. तिच्यात अर्धा वाटा माझा होता, म्हणून ती सांगण्याचा हक्कही निम्मा माझा आहे.

टोलेडोत तेव्हा तीन वर्तमानपत्रं निघत आणि तिघांचं एकमेकांशी विळ्या-भोपळ्याचं सख्य. आमचं 'बीकन' दुपारी चारला रस्त्यावर यायचं. मी प्रुफं तपासायची. इम्रे लायनोटाइप यंत्रावर बसायचा, म्हणजे मजकूर बघून कळा दाबायचा आणि यंत्रातून शिशाची एकेक अख्खी ओळ ओतून बाहेर पडायची, हात भाजेल इतकी गरम. त्या ओळीवर अक्षरं उलटी असतात, आरशातल्यासारखी. इम्रे तेरा वर्षांचा असताना हंगेरीहून आला आणि इंग्रजी शिकला तो या ओळींवरूनच. तो म्हणायचा, सुलट लिहिलेलं वाचायला मला जरा वेळ लागतो.

स्वभावाने तो नाकावर माशी बसू न देणारा. एकटा जीव, नदीपलीकडे हंगेरियन वस्तीत एका खोलीत राहायचा. दुपारच्या डब्यात रोज तेच: पाव, लालभडक सॉसेज आणि एक हिरवी मिरची. आईच्या थडग्यावर मृत्यूची तारीख एका दिवसाने चुकली, तर पठ्ठ्याने दुसरा दगड बसवून घेतला. मी विचारलं, आईला काय फरक पडतो? म्हणाला, तिला नाही, मला पडतो. अशा माणसाशेजारी अकरा वर्षं काम केलं म्हणजे माझ्या सहनशक्तीचीही कल्पना यावी.

एकोणीसशे तीसच्या ऑक्टोबरात वॉल्ट मार्डनचा खटला उभा राहिला. दारूबंदीला दहा वर्षं झाली होती आणि त्या दहा वर्षांत आमच्या गावाइतकं क्वचितच कुठलं गाव पिऊन तर्र असेल. हिवाळ्यात सरोवर गोठलं की मार्डनची माणसं बर्फावरून मोटारी हाकत कॅनडातून व्हिस्की आणायची. मोटारींची दारं काढून ठेवलेली असायची, बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी म्हणून. गावाला ते सगळं गमतीचं वाटायचं. मग मार्डनने आपल्याच एका नावाड्याला भर धक्क्यावर गोळी घातली आणि गंमत संपली.

वर्तमानपत्रांची मात्र तेव्हा कुठे सुरू झाली. मार्डनची हॅट, मार्डनचा टाय, तुरुंगात त्याने न्याहारीला किती अंडी खाल्ली, कोर्टात त्याच्या आईने कितीदा डोळे पुसले. मेलेल्या नावाड्याचं नाव आम्ही दोनदा निरनिराळं छापलं, पण मार्डनच्या बुटांचा रंग कधी चुकला नाही.

आणि ज्युरी. पहिल्याच दिवशी तिन्ही वर्तमानपत्रं ज्युरीतल्या बारा जणांची यादी द्यायची: नाव, कामधंदा आणि घरचा पत्ता. तशी पद्धतच होती. आपला कुठला शेजारी न्याय करायला बसलाय हे वाचकाला कळलं पाहिजे, असं आमचे संपादक प्रुइटसाहेब म्हणायचे. ते मार्डनच्या माणसांनाही कळतं, हे त्यांना सांगायला कुणी गेलं नाही. मीसुद्धा नाही. त्या दिवशी निवड लांबली आणि बाकीच्या दोघांचे अंक आधीच निघून गेले. संपूर्ण यादी फक्त आमच्याकडे होती, आणि शिळी यादी दुसऱ्या दिवशी कुणी छापत नसे, म्हणून साहेब खुशीत होते.

यादीत सहाव्या होत्या रोझिना केटलर, शिवणकाम, ४१८ मिल स्ट्रीट. पहिल्या प्रुफात त्यांना कुमारी केलेलं होतं. बाई विधवा, म्हणून मी खूण केली. आता लायनोटाइपचं असं असतं की ओळीत एक खोट निघाली तरी अख्खी ओळ नव्याने ओतावी लागते, आणि जो हात एक खोट काढतो तोच दुसरी घालू शकतो. म्हणून नव्या ओळीचं पुन्हा प्रूफ काढून वाचायचं, हा नियम. पण पान आधीच उशिरात होतं, फोरमन लंडी बोंब मारत होता. मी म्हटलं, इम्रेची ओळ आहे, काय वाचायची? पान गेलं.

अंक आला तेव्हा त्यात छापलं होतं, '१४१८ मिल स्ट्रीट'.

मिल स्ट्रीट अकराशे वीसला संपतो. पुढे जुना धक्का आहे, आणि धक्क्यापुढे मॉमी नदी.

चूक इम्रेलाच आधी दिसली. त्याचा चेहरा असा पडला की मला वाटलं याला छातीत कळ आली. दुसऱ्या दिवशी त्याने जेवण टाकलं नाही, पण मिरची तशीच राहू दिली, आणि त्याच्या बाबतीत ते उपासाच्या जवळपास होतं.

त्याच दिवशी बारा वाजता खाली काउंटरवर एक म्हातारी उगवली. टेक्ला बेम, रोझिनाची आई. हातात छत्री, पावसाचं चिन्ह नव्हतं. लेक गावातल्या पहिल्यावहिल्या बायकांपैकी, ज्या इतक्या मोठ्या खटल्याच्या ज्युरीत बसल्या, म्हणून म्हातारीने अंकाच्या सहा प्रती घेतल्या होत्या आणि सहाही प्रतींत लेक नदीत होती.

"माझी पोरगी मासा आहे का?" म्हातारी इतक्या जोरात म्हणाली की वर यंत्रांच्या खडखडाटातही आम्हाला ऐकू आलं. नवरा गेल्यावर रोझिनाने जुनं घर विकलं, ऑगस्टपासून लेकीला घेऊन ती आईकडे राहते आहे, घरावर पाटी बेम नावाची आहे, शिवायला कपडे आणणाऱ्या बायकांना आता ती सापडणार कशी, हे सगळं तिने काउंटरवरच्या पोरीला ऐकवलं. साहेबांनी मागच्या जिन्याने काढता पाय घेण्याआधी एका ओळीची दुरुस्ती खरडली आणि वर पाठवली.

ती चिठ्ठी इम्रेच्या हातात पडली, आणि तिच्या मागोमाग कोर्टाच्या बातमीदाराचा मजकूर. ज्युरीतल्या दुसऱ्या सदस्याच्या, एका हार्डवेअरच्या दुकानातल्या कारकुनाच्या खिडकीतून वीट आली होती. विटेला कागद बांधलेला: तुझी मुलं कुठल्या रस्त्याने शाळेत जातात ते आम्हाला ठाऊक आहे. नवव्याच्या दारात मेलेला कावळा ठेवला होता. दोघांचे पत्ते इम्रेनेच आदल्या दिवशी ओतले होते, बिनचूक.

त्याने दोन्ही मजकूर ओतले. संपलेली चिठ्ठी खिळ्यावर टोचायची, म्हणजे काम झालं, असा आमच्याकडे रिवाज. दुरुस्तीची चिठ्ठी त्याने खिळ्यावर टोचली. तिची शिशाची ओळ मात्र फुंकर मारून थंड केली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

मी प्रूफ मागायला गेले तर म्हणाला, "नाही निघणार."

"इम्रे, साहेबांनी सांगितलंय. चूक आपली आहे."

"माहीत आहे कुणाची आहे." तो यंत्राकडे बघत बोलत होता. "डेलिया, बाई नदीत आहे तोवर सुखरूप आहे. मी तिला बाहेर काढणार नाही."

हे कोण बोलतंय, तर थडग्याचा दगड बदलणारा माणूस. गावच्या नोंदवहीत रोझिनाचं जुनं घर होतं, तिथे आता दुसरेच लोक राहत. खरा पत्ता कोर्टाच्या दप्तरात, इम्रेच्या खिशात, आणि तिसरा म्हातारीच्या तोंडात. त्या तिसऱ्याचीच आम्हाला धास्ती. मी म्हटलं, तिला सांगून टाकू. इम्रे म्हणाला, आजवर ती कुठली गोष्ट मनात ठेवून बसली असेल असं वाटतं तुला? मी दुरुस्तीच्या नोंदीपुढे 'जागा नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. सही करताना मला माझी नोकरी आठवत होती, कारण नोकऱ्या तेव्हा रस्त्यावर पडलेल्या नव्हत्या.

बुधवारी म्हातारी आली. गुरुवारी आली. साहेब रोज मागच्या जिन्याने गेले आणि वर रोज जागा नव्हती. चेंबरलेनच्या दुकानातल्या पडद्यांच्या सेलला जागा होती, मार्डनच्या कफलिंकांना होती.

शुक्रवारी बाराला पाच मिनिटं असताना खालच्या पोरीने फोन केला की एक गृहस्थ पत्त्याबद्दल विचारतायत, कुणीतरी या. इम्रे उठला. मीही गेले.

उंटाच्या लोकरीचा कोट, छान कातरलेली मिशी, आवाज मऊ. त्याने आमच्या अंकातलं कात्रण काउंटरवर ठेवलं. सहाव्या नावाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं. एकटी बाई दिवसभर कोर्टात बसते, कौतुक म्हणून फुलं पाठवायची आहेत, असं तो म्हणाला. "पण तुमच्या पत्त्यावर गेलो तर बूट भिजले. खरा नंबर काय आहे?"

"छापलाय तो बरोबर आहे," इम्रे म्हणाला.

"तिथे नदी आहे हो."

"मी एकवीस वर्षं ओळी ओततोय. माझी चूक अजून कुणी दाखवलेली नाही."

इम्रेचे कान लालबुंद झाले होते. मी त्याला खोटं बोलताना पहिल्यांदा ऐकत होते आणि त्याला ते अजिबात जमत नव्हतं. कोटवाला हसला. म्हणाला, मला घाई नाही, आणि टोपी काढून काउंटरवर ठेवली.

तेवढ्यात दार उघडलं आणि छत्री आत आली.

म्हातारी तरातरा काउंटरशी आली, छत्री फरशीवर आपटली आणि तोंड उघडलं. "आज चौथा दिवस. मी शेवटचं सांगते, माझ्या पोरीचं—"

"बाई," इम्रे मध्येच म्हणाला, "तुमच्या हरवलेल्या मांजरीची जाहिरात आज नक्की येईल."

म्हातारीचं तोंड उघडंच राहिलं. तिने इम्रेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी बहुधा भूत बघितल्यासारखी उभी असणार. मग त्या कोटाकडे, मिशीकडे, आणि काउंटरवरच्या कात्रणाकडे. सत्तरीत लेकीच्या सुया ओवून देणारी बाई ती, पेन्सिलीचं वर्तुळ तिला लांबून दिसलं. वर्तुळात कुणाचं नाव आहे तेही दिसलं. चार दिवसांत मी तिला पहिल्यांदा गप्प बघितलं.

"पांढरी आहे," ती म्हणाली. "डाव्या कानावर काळा डाग. मागच्या वेळी तुम्ही करडी छापलीत. डोकं ठिकाणावर ठेवून काम करत जा."

इम्रेने मान खाली घालून ते लिहून घेतलं.

मग ती कोटवाल्याकडे वळली. "तुम्ही पाळलंय का कधी मांजर?"

"नाही, आजी."

"मग तुम्हाला काय कळणार जीव कसा टांगणीला लागतो ते." आणि ती त्याच्याकडे बघत राहिली, त्याने टोपी उचलेपर्यंत. जाताना त्याने कात्रण घडी करून खिशात घातलं.

दार लागलं तशी म्हातारी बाकावर बसली. छत्री तिने आडवी मांडीवर घेतली. मी पाणी आणलं, ते तिने घेतलं नाही. इम्रेने तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं, चूक त्याची स्वतःचीच हेसुद्धा. तिने एकच विचारलं, असं किती दिवस? तो म्हणाला, खटला संपेपर्यंत.

"मग माझी मांजर तोवर सापडायची नाही," म्हातारी म्हणाली, आणि उठली.

त्या दुपारी टेक्ला बेम मिल स्ट्रीटवर दारोदार फिरली. मांजर शोधतेय म्हणून प्रत्येक घरात शिरायची, दार लावून घ्यायची आणि दोन मिनिटांनी बाहेर पडायची. शनिवारी कोटवाला आणि आणखी एक जण त्या रस्त्यावर आले. खाटीक म्हणाला, केटलर? या नावाचं कुणी नाही, पण एक पांढरी मांजर दिसली का हो? न्हावी तेच म्हणाला. सोडा विकणारा, चर्चमधला झाडूवाला, तिसऱ्या मजल्यावरून चादरी वाळत घालणाऱ्या दोन बहिणी, सगळे मांजरीचंच विचारत होते. शेवटी तो दुसरा माणूस वैतागून म्हणाला म्हणे, या गावात सगळ्यांना एका मांजरीनेच वेड लावलंय. ते निघून गेले. पण परत येणार नाहीत असं कुणी सांगावं? रोझिना मागच्या गल्लीतूनच कोर्टात जायची-यायची आणि आई लेकीच्या लेकीला पोटाशी धरून खिडकीत बसायची. आमच्या काउंटरवरच्या दुपारच्या वारीला मात्र खंड नाही. म्हातारी येऊन मांजरीचं विचारायची, आम्ही नाही म्हणायचो, आणि ती आमच्या आळशीपणाबद्दल दोन शब्द सुनावून जायची. त्यातला अर्धा राग खरा होता.

जाहिरात आम्ही रोज छापत होतो. परिणाम असा झाला की लोक मांजरी घेऊन येऊ लागले. आठवडाभरात सात पांढऱ्या मांजरी आल्या, त्यांतल्या एकीच्या कानावरचा डाग बुटाच्या पॉलिशचा होता.

पुढच्या गुरुवारी, अकराव्या दिवशी, ज्युरी निर्णयाला आत गेली. पहिल्या पानाचे दोन साचे आम्ही तयार ठेवले होते, एकावर 'दोषी', एकावर 'निर्दोष'. इम्रे दोन्हींकडे पाठ करून उभा होता. त्याचा हात एप्रनच्या खिशात होता. तीन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला, लंडीने ऐकलं आणि 'दोषी' असलेल्या साच्यावर थाप मारली. बातमीदाराने नंतर सांगितलं, न्यायाधीशांनी एकेकाला विचारलं तेव्हा पुरुषांपैकी काहींना दोनदा विचारावं लागलं. सहाव्या नंबरच्या बाईने मात्र मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं.

मार्डनला शनिवारी कोलंबसच्या तुरुंगात नेलं. म्होरक्या गेल्यावर बाकीचे पांगले, कोटवाल्याला तर रविवारीच डेट्रॉइटमध्ये दुसऱ्याच भानगडीत धरलं. ते ऐकलं आणि मी खुर्चीत बसून चक्क रडले. इतकं हलकं मला त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटलेलं नाही. साहेबांना वाटलं मार्डनची मला दया आली.

सोमवारी इम्रेने खिशातून ती ओळ काढली. किल्ल्या आणि चाकूबरोबर राहून तिची अक्षरं घासली गेली होती, छापून उमटली नसती. म्हणून त्याने ती नव्याने ओतली, प्रूफ काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी वाचलं. तो म्हणाला, परत वाच. तीनदा वाचून घेतलं: रोझिना केटलर, ४१८ मिल स्ट्रीट. मग कुठे पान सोडलं.

त्याच संध्याकाळी मायलेकी आल्या. रोझिना उंच, शांत, बोटाला सुईच्या टोचणीचे ठिपके. म्हातारीने अंक उघडून दुरुस्ती वाचली आणि म्हणाली, "झाली बाई एकदाची कोरडी."

रोझिनाने इम्रेला विचारलं, ही चूक झाली कशी? तो म्हणाला, घाईत. ती म्हणाली, घाईतली चूक दोन आठवडे कशी टिकते?

"चूक पहिल्या दिवशी झाली," इम्रे म्हणाला. "बाकीचे दिवस मी शुद्धीवर होतो."

तिने हात पुढे केला आणि ती घासलेली ओळ मागून घेतली.

पॉलिशवाल्या मांजरीला न्यायला कुणी आलं नाही, म्हणून ती इम्रेच्या गळ्यात पडली. त्याने तिचं नाव हिबा ठेवलं, त्याच्या भाषेत त्याचा अर्थ चूक. ती त्याच्याकडे अकरा वर्षं राहिली आणि दिसेल त्या कागदावर झोपली.

नाताळात रोझिनाने त्याला एक काळा कोट शिवून दिला. सरोवरावरून वारा सुटला की कोटाचे काठ उडतात, म्हणून शिंपी लोक आतून शिशाचं वजन शिवतात. इम्रेच्या कोटाच्या काठात ती ओळ होती. पुढची चौदा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, हिवाळ्यात तो तोच कोट घालून यायचा. दर रविवारी जेवायला मात्र तो मिल स्ट्रीटवर असायचा, आणि आत शिरताना म्हातारी त्याला दरवेळी विचारायची, घर सापडायला त्रास नाही ना झाला?